दारांच्या मुठींचा खासदार

माझ्या आयुष्यात मी एकच मंत्री जवळून पाहिला, आणि तो माझ्या कचऱ्याच्या पिशवीत डोकावत होता.

मंगळवार होता. टोकियोजवळच्या इचिकावात आमच्या भागात मंगळवारी जळणारा कचरा टाकायचा. एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात पिशवी, डोक्यात ट्रेनची वेळ, असा मी धावत खाली आलो. कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून घातलेल्या निळ्या जाळीपाशी एक उंच म्हातारा उभा होता. अंगात थ्री-पीस सूट, खिशातून रुमालाचं टोक बाहेर, आणि मिशी अशी, की तिच्यावर दोन कावळे ऐसपैस बसून तिसऱ्यासाठी जागा धरतील. त्याने माझी पिशवी उजेडात धरली आणि इंग्रजीत म्हणाला, "बेटा, आत बाटली आहे. बाटल्या गुरुवारी." मग त्याने माझा हात हातात घेतला तो दोन ट्रेन गेल्या तरी सोडला नाही. तेवढ्या वेळात माझं गाव, आईवडिलांची तब्येत, मुलीची शाळा आणि माझ्या कोणत्या गुडघ्यात कळ येते, हे सगळं त्याने काढून घेतलं.

ऑफिसात मी सांगितलं, एका माजी मंत्र्याने अडवलं म्हणून उशीर झाला. माझ्या मॅनेजरसानने ते कारण रजिस्टरमध्ये व्यवस्थित लिहून घेतलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. माझ्या कारणांचा तिथे लौकिकच तसा आहे.

पण या वेळी ते खरं होतं. आमच्या वरच्या मजल्यावर टोकियोतल्या एका विद्यापीठात फ्रेंच शिकवणाऱ्या लेबनीज बाई राहतात. हे त्यांचे वडील. लेबनॉनच्या डोंगरातले मॅरोनाइट ख्रिस्ती. हे लोक रोमच्या पोपना मानतात, पण प्रार्थनेत स्वतःची जुनी भाषा अजून जपून आहेत. आणि त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष याच समाजाचा असतो असा शिरस्ता आहे. त्यामुळे, साहेबांच्याच शब्दांत, प्रत्येक मॅरोनाइट आई पाळण्यातल्या पोराची लंगोटी बदलते ती भावी राष्ट्राध्यक्षाची म्हणूनच. यांचे आजोबा खासदार, वडील खासदार, नंतर हे खासदार आणि मंत्री. घराणेशाही म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे साखर कारखान्यांभोवती जे उगवतं, ते तिकडे सफरचंदांच्या बागांभोवती उगवतं, एवढाच फरक.

आमची गट्टी जमली ती नदीच्या बांधावर. रविवारी ते चर्चहून येत. त्यांच्या पंथाचं चर्च जवळपास नव्हतं, म्हणून दुसऱ्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून आपल्या भाषेत पुटपुटून येत. मग एदो नदीच्या बांधावर बाकावर बसून मला कारकीर्द ऐकवत. त्यातलं निम्मं त्यांनी वाढवून सांगितलं आणि उरलेलं निम्मं मी वाढवून सांगतोय. तरी जे शिल्लक राहतं ते पुष्कळ आहे.

नवव्या वर्षापासून वडील त्यांना मयतांना नेत. "लग्नाला सगळेच जातात, इंजिनिअर," ते म्हणायचे, "तिथे जेवण असतं. मयताला जाणारा माणूस लक्षात राहतो." चौदा गावांतल्या कुठल्या घरात कोण कशाने गेलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. रोज सकाळी घराचं दार उघडं, दिवाणखान्यात पन्नास माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात वेलदोडा घातलेल्या कॉफीचा कप, आपल्या कुंकवाच्या करंड्याएवढा. कप रिकामा होईपर्यंत गाऱ्हाणं ऐकायचं, हा आजोबांपासूनचा नियम. मी विचारलं, कुणी मुद्दाम हळू प्यायलं तर? म्हणाले, एका विधवेने एक कप अडीच तास पुरवला. तिचं काम त्यांनी त्याच दिवशी केलं.

मग त्यांच्याकडे वीजखातं आलं. भारनियमन हा शब्द मी त्यांना शिकवला, आणि तो त्यांना इतका आवडला की एकदा सुपरमार्केटात दिवे गेले तेव्हा ते मोठ्याने मराठीत ओरडले. मंत्री झाल्यावर त्यांचा पहिला हुकूम असा, की मंत्र्याच्या घरची वीज सर्वांत आधी जाईल आणि सर्वांत शेवटी येईल. त्यावरून बायकोने मंत्रिपद असेतो त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यामुळे कारकीर्द अत्यंत शांततेत गेली, असं ते सांगत. अकराव्या महिन्यात ते अचानक घरी आले तर सगळ्या गावात अंधार, आणि यांच्या स्वयंपाकघरात फ्रीज गुणगुणतोय. कुणा खुशमस्कऱ्याने मागच्या भिंतीवरून गुपचूप दुसरी केबल ओढली होती. साहेबांनी ती स्वतः उपटली आणि सकाळी राजीनामा दिला. "अंधारात मी माझ्या फ्रीजचा आवाज ऐकला," ते म्हणाले. "तो सगळं गाव ऐकत असणार."

पुढच्या निवडणुकीत ते पडले. निवडून आला गावातलाच औषधवाला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हे पायी त्याच्या घरी अभिनंदनाला गेले. तो झोपलेला. मग यांनी त्याच्याच स्वयंपाकघरात कॉफी केली आणि त्याला उठवून पाजली. हे मी त्यांच्या मुलीकडून पडताळून घेतलंय. ती म्हणाली, खोटं आहे, कॉफी त्याच्या आईने केली, पप्पांनी फक्त उतू घालवली.

पत्नी गेल्या, घर ओस पडलं, आणि मुलीने त्यांना जपानला आणलं. खुर्चीवर बसायला घरात कुणी नव्हतं. मुलीला विचारलं होतं, तर ती म्हणाली, "पप्पा, मला तुमची खुर्ची नको, मला माझा शनिवार-रविवार हवा."

आता आमच्या बिल्डिंगमधली फिरती पाटी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. जपानात शेजारमंडळाच्या सूचना एका पाटीला लावून ती घरोघर फिरवतात. वाचायचं, आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पाटी पिशवीत घालून पुढच्या घराच्या दाराच्या मुठीला अडकवायची. बेल वाजवायची नाही. शेजाऱ्याला त्रास न देणं हा इथला शेजारधर्म. आमच्या गटात एकोणीस घरं. मी आठ वर्षं पाटी अडकवतोय, एकाचंही तोंड धड पाहिलं नव्हतं.

ती पाटी साहेबांच्या दारात पहिल्यांदा आली तेव्हा मुलगी घरी नव्हती. त्यांना जपानी वाचता येत नव्हतं, पण एवढं दिसलं की एका कागदावर घरोघरचे लाल शिक्के आहेत. त्यांच्या देशात याला एकच अर्थ होता: निवेदन. तीन वर्षं सत्तेबाहेर असलेल्या माणसाच्या दारात, परमुलखात, लोकांनी सह्यांचं निवेदन आणून ठेवलं होतं. मुलगी सांगते, पप्पांनी डोळे पुसले आणि सूट इस्त्रीला काढला.

मग ते पाटी काखोटीला मारून एकेका घराची बेल वाजवू लागले.

पहिली बेल शेजारच्या बाईंची. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्यांच्या घरात कित्येक वर्षांत मीटर बघणाऱ्याखेरीज कुणी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांनी घाबरून साहेबांना चपला काढायच्या पायरीवर बसवलं, आणि आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो हे आठवून चहा दिला. साहेबांनी फोनमधल्या भाषांतराला विचारायला लावलं, "तुमची अडचण काय?" बाई म्हणाल्या, अडचण काही नाही. साहेब चहा हळूहळू पीत राहिले. तिसऱ्या घोटाला बाई म्हणाल्या, दाराबाहेरचा दिवा दोन वर्षं फडफडतोय. साहेबांनी वहीत लिहून घेतलं.

असं एकोणीस घरं करायला त्यांना दहा दिवस लागले. आमच्या घरी ते पाचव्या दिवशी आले, तेव्हा आम्ही दोघं बाहेर होतो. आमच्या आठ वर्षांच्या मुलीने त्यांना जपानीत तक्रार सांगितली की बाबा फार गोष्टी सांगतात, आणि तीही वहीत गेली.

पाटीवरची सूचना मात्र अशी होती की अमुक दिवशी गच्चीवरची टाकी धुणार, पाणी बंद राहील. पाटी साहेबांकडेच असताना तो दिवस येऊन गेला. लिफ्टमध्येही कागद लावला होता म्हणे. मी तो रोज बघत होतो, वाचत नव्हतो. त्या दिवशी शाम्पूचा फेस डोक्यावर घेऊन मी एक तास बाथरूममध्ये उभा होतो. बायको बाहेरून म्हणत होती, "तसेच जा ऑफिसला. सांगा, मंत्र्याने अडवलं."

मंडळाची सभा बसली. साहेब उभे राहिले आणि इतकं खाली वाकले की मिशी चटईला लागली. माफी मागून झाल्यावर त्यांनी वही काढली आणि एकोणीस घरांच्या अडचणी ओळीने वाचल्या. अध्यक्ष अकरा वर्षं अध्यक्ष होते. त्या काळात त्यांच्याकडे एकही तक्रार आली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी पेन काढून सगळं लिहून घेतलं. दोन दिवसांनी गणिताच्या बाईंच्या दाराबाहेर नवा दिवा लागला. वीजमंत्री तो वीजमंत्रीच. तेव्हापासून पाटी सगळीकडे फिरून शेवटी साहेबांकडे येते आणि ते ती घेऊन आणखी एक फेरी मारतात. कुणी ठराव केला नाही. झालं ते तसं.

आणि मग पुतण्या आला.

काका-पुतण्या म्हटल्यावर मराठी वाचक सरसावून बसतो, मला ठाऊक आहे. हा चाळिशीचा, बेरूतमध्ये वकिली करणारा, शनिवारी गावी जाणारा. येताना पिस्त्याच्या मिठाईचा डबा आणि कॉफी घेऊन आला. कोटाच्या खिशात किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की जिन्यावर चढला की देवळात आरती सुरू झाल्यासारखं वाटे. माझी मुलगी त्याला जेलर म्हणू लागली.

त्याचं काम सोपं होतं. औषधवाला पुन्हा उभा राहणार नव्हता. शुक्रवारी अर्ज भरायची मुदत संपत होती. गावात चुलत्याच्या शब्दाला अजून किंमत होती. साहेबांनी अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत "हा माझा वारस" एवढं म्हटलं की गेलेली जागा घरात परत येणार. नकार दिला तर तीन पिढ्यांनी सांभाळलेली जागा कायमची बाहेर जाणार. पुतण्याचं बुधवारचं विमान होतं.

चित्रीकरणासाठी मला बोलावलं, कारण माझ्याकडे फोन अडकवायची तीन पायांची काठी आहे. बायकोने तेव्हाच बजावलं, "त्यांना सांगा तरी, शाळेच्या स्पर्धेत तुम्ही काय केलंत." काही विशेष नाही. मुलगी शंभर मीटर धावली आणि माझ्या फोनमध्ये माझे बूट आले, पूर्ण लांबीचे.

रविवारी आम्ही जमलो. साहेब कॅमेऱ्यासमोर बसले, मिशी सारखी केली, आणि उठले. "आधी काम," ते म्हणाले. त्या आठवड्यात भूकंपाच्या कवायतीचा कागद घरटी एक वाटायचा होता. गठ्ठा त्यांनी पुतण्याच्या हातात दिला. "हे देऊन ये."

पुतण्या अकरा मिनिटांत परत आला. हुशार माणूस. त्याने इथली रीत आधीच वाचून ठेवली होती. एकोणीस कागद, एकोणीस पिशव्या, एकोणीस मुठी.

"शेजारच्या बाईंचा पाय कसा आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुठल्या बाई?"

"तिसऱ्या मजल्यावर कुणाला मूल झालं?"

पुतण्याने मनगटावरचं घड्याळ सारखं केलं.

"मग तू कुणाचा खासदार होणार? दारांच्या मुठींचा?"

इथून जे भांडण पेटलं ते अरबीत सुरू झालं. पण माझी बायको चहा घेऊन आत आली, आणि बाईमाणसासमोर तिला न कळणाऱ्या भाषेत भांडणं त्यांच्याकडे असभ्य समजतात, म्हणून दोघंही इंग्रजीवर आले. इतकं सभ्य भांडण मी उभ्या जन्मात ऐकलं नाही.

"बेल वाजवू?" पुतण्या म्हणाला. "काका, तुम्ही शेवटचं गाव बघितलंत तेव्हा तुमच्या दिवाणखान्यात माणसं होती. आता मी बेल वाजवली तर आतून कोण येणार आहे? निम्मी दारं कुलुपात आहेत."

"निम्मी म्हणजे किती? राजकारण्यासारखं बोलू नकोस."

पुतण्याने खिशातला जुडगा काढून टेबलावर टाकला. मिठाईचा डबा उडाला.

"मोजा. जाताना लोक किल्ल्या आपल्या घरी आणून देतात. दुसरीकडे कुठे देणार? दर शनिवारी मी एकेक घर उघडतो, खिडक्या उघडतो, पाणी सोडून बघतो, बंद करतो. इकडे येताना या ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून घेऊन आलो."

साहेबांनी चष्मा काढला. डोळ्यांनी बघायची त्यांना गरज नव्हती. त्यांनी एक किल्ली बोटांत धरली, दाते चाचपले.

"बेकरीवाला," ते म्हणाले. "यांच्या दाराला हिसका द्यावा लागतो."

"दोघं मुलगे कॅनडात. बापाला गेल्या हिवाळ्यात घेऊन गेले. हिसका अजून द्यावा लागतो."

"ही? घंटा वाजवणाऱ्याची?"

"मुलगी ऑस्ट्रेलियात. चर्चची घंटा आता मी वाजवतो. मयत असेल तेव्हाच."

असं किल्लीमागून किल्ली चाललं. प्रत्येक घरात कोण, कुठे गेलं, का गेलं, कुणाच्या ओट्यावर अजून तुळशीसारखं जपलेलं झाड आहे आणि त्याला कोण पाणी घालतं. पुतण्या एकाही किल्लीला अडखळला नाही. मी इतकं बोलणारा माणूस, पण तासभर मला एक शब्द सुचला नाही. बायको नंतर म्हणाली, लग्नाला अकरा वर्षं झाली, हे पहिल्यांदाच. शेवटची किल्ली सर्वांत मोठी होती. ती साहेबांच्या स्वतःच्या घराची. ती त्यांनी खिशातल्या रुमालाने पुसली.

"हे मला कुणी का सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारायचात, गाव कसं आहे. मी म्हणायचो, बरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

साहेब माझ्याकडे वळले. "इंजिनिअर, लाव तुझा फोन."

ते जुडगा हातात घेऊन बसले आणि बोलले. अरबीत बोलले, पण त्यांची मुलगी माझ्या कानाशी सांगत होती. ते म्हणाले: आजोबांनी ही जागा बापाला दिली कारण तो मुलगा होता, बापाने मला दिली कारण मी मुलगा होतो, यात आमचं कर्तृत्व काही नाही. हा माझा मुलगा नाही. पण तुमच्यातला जो जो निघून गेला त्याच्या घरात वारा कोण खेळवतो, हे मला आज कळलं. मी गेल्यावर माझी किल्ली याच्याकडेच राहील. तुम्ही राहिलेले आहात. तुमचं तुम्ही ठरवा.

पुतण्याने त्यांच्या हातावर ओठ टेकवले. माझ्या बायकोने पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले. मी फोन काढला आणि बघितलं.

काही नव्हतं. लाल ठिपका मी दाबलाच नव्हता. माझे बूटसुद्धा आले नव्हते.

मी पुष्कळ खोटी कारणं सांगितली आहेत, पण त्या वेळी एकही आठवेना. पुतण्याने फोन माझ्या हातातून घेऊन उलटसुलट करून बघितला. "पुन्हा बोला, काका. एकच वाक्य."

"एकदा बोललो," साहेब म्हणाले. "आशीर्वाद काही गाणं नाही पुन्हा लावायला."

"मग लोकांना मी काय दाखवू?"

"आजोबांच्या वेळी काय दाखवत होते? जा. दार उघडं असलेल्या प्रत्येक घरात जा आणि मी काय म्हणालो ते तोंडाने सांग. शब्द बदललास तर त्यांना कळेल. आमच्या घराण्याचं खोटं ते तीन पिढ्या ऐकत आलेत, त्यांना चाल पाठ आहे."

पुतण्या बुधवारी गेला. जायच्या आधी त्याने गणिताच्या बाईंची बेल वाजवली आणि पाय कसा आहे ते विचारलं. बाईंनी त्याला वाळवलेल्या पर्सिमनची पिशवी दिली. शुक्रवारी त्याने अर्ज भरला. मग आठवड्यामागून आठवडे तो घरोघर कॉफी पीत हिंडला. त्याने काकांना कळवलं की आता त्याला झोपच येत नाही आणि गावात एकही उघडं दार उरलेलं नाही जिथे तो बसला नाही.

निकाल कळला तो मंगळवारी सकाळी. साहेब आणि मी कावळ्यांची जाळी घडी करत होतो. फोन वाजला, त्यांनी ऐकलं, दोन शब्द बोलले, आणि आधी जाळीची घडी पूर्ण केली. मग मला म्हणाले, "आला निवडून. माझ्या आजोबांपेक्षा कमी मतांनी, पण तेव्हा दारं जास्त होती."

मी धीर केला. तो ठिपका मला आठवडेच्या आठवडे खात होता. सगळी चूक एकट्या माझीच असेल, हे मन मानत नव्हतं. "साहेब, एक विचारू? तुम्ही चाळीस वर्षं कॅमेऱ्यांसमोर बोललात. समोरचा फोन चालू आहे की नाही, हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं नाही?"

साहेबांनी माझ्या हातातली कचऱ्याची पिशवी घेतली आणि उजेडात धरली.

"बेटा," ते म्हणाले, "आत बाटली आहे."